विजयाचा आनंद आणि विजयाचा उन्माद

बंगळूर शहराच्या दक्षिण भागात बसवनगुडी नावाची जुनी वस्ती आहे. बसव म्हणजे नंदी आणि गुडी म्हणजे देऊळ. टेकडीवरच्या देवळात एकाच अखंड शिळेतून कोरलेला सुमारे १५ फूट उंचीचा नंदी बसलेला आहे, आणि त्याच्याच नावाने ही वस्ती ओळखली जाते. १८९८ साली बंगळुरात प्लेगने थैमान घातले, त्यानंतर शहराची दाटी कमी करावी म्हणून रुंद रस्त्यांची ही पेठ आखली गेली. परंतु नंदीची जत्रा पेठेपेक्षा पुष्कळच जुनी. कार्तिक महिन्याच्या अखेरच्या सोमवारी येथे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. कानडीत तिला कडलेकाई परिषे म्हणतात. आसपासचे शेतकरी नव्या पिकाच्या शेंगा गाड्या भरभरून आणतात आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना शेंगांचे ढीग लागतात.

या जत्रेमागची कथा मोठी बोधक आहे. येथल्या शेतातला भुईमूग रात्रीच्या वेळी एक बैल येऊन फस्त करीत असे. शेतकऱ्यांनी पाळत ठेवली, काठ्या घेऊन पाठलाग केला, आणि तो बैल टेकडीवर जाऊन पाषाण झाला. तेव्हापासून नवे पीक हाती आले की त्याचा पहिला वाटा त्या बैलाला देण्याचा परिपाठ पडला. कथा खरी की खोटी हा प्रश्न येथे गौण आहे. ज्याने आपली झोप उडवली, ज्याच्याशी झुंजावे लागले, त्यालाच आनंदाच्या दिवशी मानाचा वाटा द्यावयाचा, ही त्या लोकांची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. जिंकल्यावर माणसाने कसे वागावे, या प्रश्नाचे एक उत्तर तीत दडलेले आहे.

हा प्रश्न आज सर्वांत ठळकपणे उभा राहतो तो खेळाच्या मैदानावर, आणि त्यातही फुटबॉलच्या मैदानावर. गोल झाला की धंदेवाईक खेळाडू धावत सुटतो, अंगातला सदरा काढून भिरकावतो, कुंपणावर चढतो, नाचतो, कोलांट्या मारतो, कधी प्रतिपक्षाच्या प्रेक्षकांसमोर जाऊन कानाला हात लावून उभा राहतो. कोणी म्हणतात, हा निखळ आनंद आहे. कोणी म्हणतात, हा माज आहे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, आणि म्हणूनच या प्रथेचा इतिहास थोडा उलगडून पाहणे युक्त ठरेल.

प्रश्न मुळात खेळाहूनही प्राचीन आहे. महाभारतातील गदायुद्धाच्या अखेरीस दुर्योधन मांडी मोडून पडला तेव्हा भीमसेनाने त्याच्या मस्तकाला लाथ मारली. वैर जन्माचे होते, द्रौपदीच्या विटंबनेची आठवण ताजी होती; तरीही युधिष्ठिराने भीमाला तेथल्या तेथे आवरले. पडलेला शत्रू हा राजा आहे, आपलाच भाऊबंद आहे, त्याला पायाने स्पर्श करणे धर्म नव्हे, असा त्याच्या सांगण्याचा आशय होता. ग्रीकांच्या महाकाव्यात अकिलीस हा वीर हेक्टरचे प्रेत रथाला बांधून फरफटत नेतो, आणि अखेर हेक्टरच्या वृद्ध पित्याचे अश्रू पाहून त्याचा क्रोध वितळतो. दोन्ही कवींना विजय वर्ज्य नव्हता. विजयानंतरच्या त्या एका क्षणात माणसाची खरी परीक्षा होते, हे मात्र दोघांनीही ओळखले होते.

आता फुटबॉलकडे वळू. १८६३ साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली आणि या खेळाला लिखित नियम मिळाले. ज्या इंग्रजी विद्यालयांतून हा खेळ वाढला, तेथे भावना आवरून धरणे हेच सभ्य गृहस्थाचे लक्षण मानले जाई. साहजिकच गोल करणाऱ्याशी सहकाऱ्यांनी हस्तांदोलन करावे, फार तर पाठीवर थाप मारावी, आणि सर्वांनी आपापल्या जागी परतावे, अशी वहिवाट पुष्कळ वर्षे टिकली. पुढे धंदेवाईक खेळाडू आले, कामगार वस्त्यांतून हजारोंचे प्रेक्षक आले, तरी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती वहिवाट बऱ्याच अंशी शाबूत होती.

भारतीय फुटबॉलचा उमेदीचा काळ या जुन्या वहिवाटीतलाच. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताचा संघ प्रथमच उतरला. ३१ जुलै रोजी फ्रान्सशी गाठ पडली. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत होते. त्या सामन्यात भारताचा एकमेव गोल केला तो बंगळूरच्या सारंगपाणी रामन यांनी. ऑलिंपिकमधील भारताचा तो पहिला गोल. बंगळूरचेच अहमद खान त्या संघात होते. भारताला दोन पेनल्टी किक मिळाल्या आणि दोन्ही वाया गेल्या. अगदी शेवटच्या मिनिटांत फ्रान्सने दुसरा गोल करून सामना २-१ असा जिंकला. पुढे १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये गोमंतकीय कुळातील नेव्हिल डिसोझा यांनी यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल नोंदवले. भारताने तो सामना ४-२ असा जिंकून उपांत्य फेरी गाठली. ही नावे आज किती थोड्यांना ठाऊक आहेत! ज्या काळात गोल करणारा पुन्हा मध्यरेषेकडे वळे, त्या काळात त्याची कीर्तीही बहुधा दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्राच्या दोन ओळींत सामावून जाई.

पण हा संयम म्हणजे खेळाचा एकमेव धर्म नव्हे. तो एका देशाच्या आणि एका वर्गाच्या शिष्टाचारातून आला होता. खेळ जसजसा इतर खंडांत रुजला, तसतशी त्या त्या समाजाची आनंद व्यक्त करण्याची रीतही मैदानावर आली. १९५९ साली ब्राझीलमध्ये एका सामन्यात प्रेक्षक हुर्यो उडवीत असता पेलेने अप्रतिम गोल केला आणि उसळून हवेत मूठ उगारली. तीच पुढे त्याची खूण बनली, असे सांगतात. ११ जुलै १९८२ रोजी माद्रिदमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीविरुद्ध गोल केल्यावर इटलीचा मार्को तार्देल्ली मुठी आवळून, मान हलवीत, ओरडत धावत सुटला. त्याचे ते रूप जगाच्या स्मरणात राहिले. १९९० साली कॅमेरूनचा ३८ वर्षांचा रोजर मिल्ला कोपऱ्यातल्या निशाणापाशी जाऊन नाचला, आणि आफ्रिकेतील एका देशाचा संघ विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत प्रथमच पोचला. १९९४ साली ब्राझीलच्या बेबेतोने नुकत्याच जन्मलेल्या मुलासाठी हातांचा पाळणा करून झोके दिले, आणि दोन सहकारी त्याच्या शेजारी उभे राहून तसेच करू लागले. या कृतींत कोणाचा अपमान नव्हता. घरात बारसे असावे आणि शेजाऱ्यांनाही गोड वाटावे, तशातला तो प्रकार होता.

मग बिघडले ते केव्हा? ज्या क्षणी आनंदाचे तोंड आपल्या माणसांकडून फिरून पराभूताकडे वळले, त्या क्षणी बिघडले. सप्टेंबर २००९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या इमॅन्युएल अदेबायोरने आपल्या पूर्वीच्या, आर्सेनल संघाविरुद्ध गोल केला. आपले प्रेक्षक जवळ असता तो मैदानाची सारी लांबी धावत गेला आणि आर्सेनलच्या प्रेक्षकांपुढे गुडघे टेकून हात पसरून बसला. ते प्रेक्षक त्याला शिव्या देत होते हे खरे. पण त्या धावण्याने आगीत तेल पडले, आणि त्याला दंड झाला. मार्च २०१३ मध्ये अथेन्स येथे २० वर्षांच्या योर्गोस कातिदिसने विजयी गोल केल्यावर सदरा काढून नाझी पद्धतीची सलामी दिली. आपल्याला तिचा अर्थ ठाऊक नव्हता, असे तो म्हणाला. परंतु ज्या ग्रीस देशाने जर्मन ताब्यातील उपासमार भोगली, त्याने त्याला राष्ट्रीय संघातून कायमचे वगळले.

याच्या अगदी उलट उदाहरणही मँचेस्टरचेच आहे. डेनिस लॉ याने अकरा वर्षे मँचेस्टर युनायटेडची सेवा केली होती. एप्रिल १९७४ मध्ये तो त्याच शहरातील प्रतिस्पर्धी संघाकडून खेळत असता त्याने टाचेने चेंडू मारून युनायटेडवर गोल केला. युनायटेड त्या दिवशी पहिल्या श्रेणीतून खाली घसरली. इतर सामन्यांचे निकाल असे लागले होते की तो गोल झाला नसता तरी ते टळले नसते. लॉला मात्र ते त्या वेळी ठाऊक नव्हते. सहकारी अभिनंदनाला धावले, आणि तो मान खाली घालून चालू लागला. त्याच्या दीर्घ कारकिर्दीतील शेकडो गोलांपेक्षा लोकांना तो मूक चेहराच अधिक आठवतो.

नियम करणाऱ्यांनी या बाबतीत काही केले नाही असे नाही. फुटबॉलच्या बाराव्या नियमानुसार गोलाचा आनंद साजरा करण्यास मुभा आहे, पण तो अतिरेकी होता कामा नये. २००४ सालापासून सदरा काढणाऱ्याला सक्तीने पिवळे कार्ड दाखवले जाते. कुंपणावर चढणे, मुखवटा घालणे, चिथावणीचे हावभाव करणे यांनाही तीच शिक्षा. गोल पुढे रद्द ठरला तरी शिक्षा रद्द होत नाही.

या नियमाची एक दारुण कथा त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये घडली. सेर्व्हेत संघाचा पाउलो दियोगो याने दिलेल्या पासवर गोल झाला. दियोगोचे लग्न नुकतेच झालेले होते. हर्षभराने तो कुंपणावर चढला, खाली उडी मारताना बोटातली लग्नाची अंगठी कुंपणात अडकली आणि बोटाचा तुकडा तेथेच राहिला. पंचांनी त्याला पिवळे कार्ड दाखवले. नियमाने आपले काम चोख बजावले. पण ज्याची शिक्षा आधीच भोगून झाली होती, त्याला त्या कार्डाचे काय महत्त्व?

याहून जिव्हारी लागणारी घटना आपल्याच देशातली आहे. १४ ऑक्टोबर २०१४ रोजी मिझोरमच्या साखळी स्पर्धेत बेथलेहेम वेंगथ्लांग या संघाचा २३ वर्षांचा पीटर बियाकसांगझुआला याने बरोबरी साधणारा गोल केला आणि आनंदाने कोलांटउडी घेतली. जर्मनीचा मिरोस्लाव्ह क्लोज गोलानंतर अशी उडी घेत असे, आणि दूरचित्रवाणीमुळे ती जगभरच्या पोरांना पाठ झाली होती. पीटरची उडी फसली. मानेवर भार येऊन मज्जारज्जूला जबर इजा झाली आणि पाचव्या दिवशी, १९ ऑक्टोबरला, ऐझॉल येथे त्याचा अंत झाला. त्याच्या नेत्रांचे दान करण्यात आले. या मुलाने कोणाचा अपमान केला नव्हता, कोणाला डिवचले नव्हते. त्याचा दोष एवढाच, की स्वतःचा आनंद दुसऱ्याच्या शरीराला साधलेल्या रीतीने व्यक्त करावा, असे त्याला वाटले.

येथे या विषयाचे मर्म हाती लागते. पूर्वी आनंद आपोआप उसळे. आता पुष्कळदा त्याची तालीम होते. यात सारा दोष खेळाडूंचा नाही. धंदेवाईक खेळात गोलाची किंमत वाढली, त्याबरोबर गोल करणाऱ्याच्या मुद्रेचीही किंमत वाढली. कॅमेरा चेंडू जाळ्यात जाताच चेंडूला सोडतो आणि माणसामागे धावतो. खेळाडू ते जाणतो. मग हावभाव ठरवले जातात, त्यांना नावे पडतात, लहान मुले गल्लीत त्यांचे अनुकरण करतात. ज्याने अजून चेंडू नीट अडवायला शिकलेला नसतो, तोही गोलानंतर काय करायचे ते शिकलेला असतो!

महाराष्ट्राच्या मातीत या बाबतीत एक जुना संस्कार आहे. कुस्तीच्या फडात मल्ल शड्डू ठोकतो, तो कुस्तीपूर्वी, समोरचा उभा असताना. आव्हान द्यावयाचे ते उभ्याला, पडलेल्याला नव्हे. कोल्हापुरात तर फुटबॉलचे संघही तालमींच्या नावांनी ओळखले जातात: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. तेथील ईर्ष्या कधीकधी मैदानाबाहेरही गेली आहे. परंतु आखाड्यातला हा विवेक फुटबॉलला अपरिचित राहावा असे काही कारण नाही.

आणि हा विवेक धंदेवाईक खेळात टिकूच शकत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी पुन्हा एकदा बसवनगुडीकडे पाहावे. ॲनी बेझंट यांच्या प्रेरणेने १९१७ साली येथे नॅशनल हायस्कूल सुरू झाले. अनिल कुंबळे हे त्या शाळेचे विद्यार्थी. खेळ वेगळा, क्रिकेटचा. पण प्रश्न तोच. १९९९ च्या जानेवारीअखेर चेन्नई येथे पाकिस्तानने भारताला अवघ्या १२ धावांनी हरवले. पाकिस्तानच्या खेळाडूंनी मैदानाला विजयाची फेरी घातली, आणि हरलेल्या घरच्या संघाच्या प्रेक्षकांनी उभे राहून त्यांना टाळ्या दिल्या. त्या फेरीत उन्माद नव्हता, म्हणूनच त्या टाळ्यांत कडवटपणा नव्हता. पाठोपाठ दिल्लीला कुंबळे यांनी ७४ धावांत एका डावातील दहाही बळी घेतले. अखेरच्या बळीपूर्वी जवागल श्रीनाथ मुद्दाम यष्टींपासून दूर चेंडू टाकीत होते. मित्राच्या वाट्याचा मान आपल्याकडे येऊ नये एवढाच त्यांचा हेतू. विजयाचा आनंद असाही साजरा होतो, स्वतः मागे सरून.

खरी कसोटी पुढे आली, ती पराभवात. जानेवारी २००८ मध्ये सिडनीला कुंबळे भारताचे कर्णधार होते. पंचांचे अनेक निर्णय चुकले. अखेरच्या काही चेंडूंत तीन बळी जाऊन भारत १२२ धावांनी हरला, आणि कुंबळे स्वतः ४५ धावांवर नाबाद राहिले. ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंच्या जल्लोषावर आणि एकंदर वर्तनावर त्यांच्याच देशातल्या वृत्तपत्रांनी कोरडे ओढले. कुंबळे यांनी आकांडतांडव केले नाही. मैदानावर एकच संघ खिलाडूवृत्तीने खेळला, एवढेच ते म्हणाले. त्यानंतर ब्रॅड हॉग या ऑस्ट्रेलियन खेळाडूविरुद्धची तक्रार भारताने मागे घेतली. पुढचा सामना पर्थचा. तेथे कुंबळे यांनी कसोटीतील आपला सहाशेवा बळी घेतला आणि भारताने ७२ धावांनी विजय मिळवला.

याच वस्तीत बुल टेंपल रस्त्यावर आणखी एक संस्था आहे, आणि मराठी श्रोत्यांना तिचे नाव जवळचे वाटेल: गोखले सार्वजनिक व्यवहार संस्था. कन्नडचे थोर लेखक डी. व्ही. गुंडप्पा यांनी १९४५ साली ती गोपाळ कृष्ण गोखले यांच्या स्मरणार्थ स्थापन केली. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या आणि पुण्याला कर्मभूमी मानलेल्या नेत्याचे स्मारक एका कानडी साहित्यिकाने बंगळुरात उभारावे, यात पुष्कळ अर्थ आहे. प्रतिपक्षावर मात करावी, पण त्याचा मान राखावा, हा गोखल्यांच्या सार्वजनिक जीवनाचा धडा होता. राजकारणाइतकाच तो मैदानालाही लागू पडतो.

मात्र याच बंगळूरने उन्मादाचे दुसरे टोकही पाहिले. ३ जून २०२५ रोजी शहराच्या नावाचा क्रिकेट संघ अहमदाबादला अंतिम सामना जिंकला. अठरा हंगामांच्या प्रतीक्षेनंतरचे ते पहिले विजेतेपद. दुसऱ्या दिवशी संघाच्या स्वागतासाठी चिन्नास्वामी स्टेडियमच्या दारांशी लोटलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन ११ जण मृत्युमुखी पडले. ती माणसे आनंद वाटून घ्यायला आली होती. बंदोबस्तात कोण कोठे चुकले याची चौकशी हा वेगळा विषय. पण घाईने, मोजमाप न करता साजरा केलेला विजय किती महाग पडतो, हे शहराला त्या दिवशी कळले.

तेव्हा मैदानावर आनंद नको, असे कोणी म्हणणार नाही. मिल्लाचा नाच आणि बेबेतोचा पाळणा वजा केला तर खेळ किती रूक्ष होईल! पण नियमाच्या पुस्तकाची धाव सदऱ्यापर्यंत, कुंपणापर्यंत, मुखवट्यापर्यंत. नजर कोणाकडे वळली आहे, हे पंचाला मोजता येत नाही. ते घरात, शाळेत, तालमीत शिकवावे लागते. बसवनगुडीचा शेतकरी पीक हाती आल्यावर शेंगांची पहिली पाटी त्या जुन्या प्रतिस्पर्ध्यापुढे ठेवतो, मग घरच्यांना वाटतो, आणि उरलेल्या शेंगा रस्त्याच्या कडेला बसून दिवसभर विकतो. त्याच्या जत्रेत गोंगाट असतो, हसणे असते, मुलांची धमाल असते. तेथे पराभूत असा कोणी उरत नाही.